समजलं नाही तरी ‘यस यस’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला

पत्र: ताई, मी अकाउंट्समध्ये काम करते. इंग्लिश मेल मला नीट लिहिता येतात, वाचलेलं सगळं कळतं, पण समोरचा बोलायला लागला की डोकं बंदच पडतं. आमचे नवे टीम लीड फक्त इंग्लिशमध्ये बोलतात आणि भराभर बोलतात. अर्धं डोक्यावरून जातं तरी मी यस यस म्हणत राहते आणि कॉल संपला की शेजारच्या सहकाऱ्याला हळूच विचारते, नक्की काय करायचंय. मागच्या आठवड्यात त्यांनी थर्टीन एन्ट्रीज परत तपासायला सांगितल्या, मी थर्टी ऐकलं आणि दोन दिवस नको त्या एन्ट्रीज तपासत बसले. सगळ्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे म्हणतात व्होकॅब्युलरी वाढव, ग्रामरचा क्लास लाव. रोज दहा शब्द पाठ करते पण बोलताना एकही आठवत नाही. काय करू?
– फक्त यस यस म्हणणारी

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एका आकड्याच्या घोळावरून तू स्वतःला किती लावून घेतलंयस ते बघून वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, तुझा नाही गं, तुला ‘अजून शब्द पाठ कर’ एवढंच सांगणाऱ्यांचा. मेल लिहितेस, वाचलेलं कळतं, म्हणजे शब्द तुझ्याकडे भरपूर आहेत. आधी ती रोजच्या दहा शब्दांची वही महिनाभर बाजूला ठेव बघू.

आता एक कर. मैत्रिणीशी मराठीत फोनवर बोलताना तू काय काय म्हणतेस ते आठव. ‘काय? परत बोल.’ ‘थांब थांब, कोण म्हणालं असं?’ ‘म्हणजे उद्या नाही ना?’ ‘ते हे गं, काय म्हणतात त्याला…’ ‘बरं ऐक ना.’ ‘चल, ठेवते मग.’ ह्यातल्या एकाही वाक्यात नवीन माहिती अशी काहीच नाही, पण ही वाक्यं काढून टाकलीस तर मैत्रिणीशीसुद्धा पाच मिनिटं धड बोलता येणार नाही. हीच वाक्यं बोलणं थांबवतात, मागे नेतात, वळवतात, संपवतात. ती तुला कोणी शिकवली नाहीत, ऐकून ऐकून तोंडात बसली. आणि इंग्लिश आपण शिकलो ते कागदावर, तिथे एखादी ओळ कळली नाही तर नजर मागे नेऊन परत वाचता येते, कोणाची परवानगी लागत नाही. बोलण्यात मागे जायचं तर ते तोंडानेच मागावं लागतं, आणि ते मागायची वाक्यं तुझ्याकडे नाहीयेत म्हणून तू यस यस म्हणून वेळ मारून नेतेस. एवढीच गोष्ट आहे.

तुला वाटत असेल की परत विचारलं की आपलं इंग्लिश कच्चं आहे हे उघडं पडतं. नाही पडत. मार्क डिंगेमान्से, निक एनफिल्ड ह्या भाषाशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली १२ वेगवेगळ्या भाषांमधल्या साध्या घरगुती गप्पांचा अभ्यास छापला. सगळे आपापल्या रोजच्या भाषेत, आपल्याच माणसांशी बोलत होते. तरी सरासरी दर १.४ मिनिटाला कोणीतरी ‘काय?’, ‘कोण?’, ‘म्हणजे अमुक का?’ असं विचारत होतंच. म्हणजे जन्मापासून जी भाषा बोलतो तिच्यातही दीड मिनिटाच्या आत एकदा अडतं, आणि तू अर्ध्या तासाच्या इंग्लिश कॉलमध्ये एकदाही विचारत नाहीस! खरं सांगू का, समोरच्याला ह्याचंच जास्त नवल वाटत असेल.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुझ्या जास्त कामाची. विचारायच्या पद्धती साधारण तीन दिसतात. एक म्हणजे नुसतं ‘काय?’, ज्यात समोरच्याला सगळंच परत सांगावं लागतं. दुसरी, नेमका तुकडा विचारायचा, ‘कोणाला पाठवायचं?’ आणि तिसरी, आपल्याला जे कळलं ते समोर ठेवायचं, ‘शुक्रवारी ना?’ समोरच्याने नुसतं हो म्हणलं की झालं. आणि माणसं शक्य असेल तिथे जास्त नेमकी पद्धतच निवडतात कारण त्यात समोरच्याचे कष्ट कमी होतात. आता बघ, तू काय करतेस? तुला ऐंशी टक्के कळलेलं असतं, वीस टक्के निसटलेलं असतं, आणि त्या विसासाठी तू सगळंच कळल्याचं सोंग घेतेस. तुला विचारायचाय फक्त निसटलेला तुकडा.

हे इंग्लिशमध्ये कसं करायचं ते तुझ्याच घोळावर बघू, कारण तो घोळ फार नमुनेदार आहे. थर्टीन आणि थर्टीमध्ये ऐकणाऱ्याला फरक कळतो तो मुख्यतः जोर कुठे पडतो त्यावरून. थर्टीला जोर पहिल्या तुकड्यावर, थर्टीनला एरवी शेवटच्या ‘टीन’वर. पण ‘थर्टीन एन्ट्रीज’ असं पुढच्या शब्दाला जोडून पटकन बोललं की ‘टीन’वरचा जोर उडून पहिल्या तुकड्यावर, ‘थर्’वर, सरकतो आणि दोन्ही जवळजवळ सारखे ऐकू येतात. त्यामुळे ही चूक इंग्लिशच्याच घरात वाढलेल्यांचीसुद्धा होते, फोर्टीन-फॉर्टी, फिफ्टीन-फिफ्टी सगळ्यांचीच ही गत. म्हणून ती माणसं आकडा फोडून विचारतात. ‘सॉरी, वॉज दॅट थर्टीन ऑर थर्टी?’ किंवा अजून सोपं, ‘थर्टीन, वन-थ्री?’ बस, एवढंच. तीन सेकंदांचं काम. तू त्या दिवशी हे दोन शब्द ‘वन-थ्री?’ म्हणाली असतीस तर तुझे दोन दिवस वाचले असते, आणि ऐकणाऱ्याला वाटलं असतं की ही मुलगी आकड्यांच्या बाबतीत पक्की आहे, जे अकाउंट्समध्ये वाटायलाच हवं.

असंच बाकीच्या तुकड्यांचं. जिथपर्यंत कळलं तिथपर्यंत वाक्य आपण म्हणायचं आणि निसटलेल्या जागी प्रश्नाचा शब्द घालून सूर वर न्यायचा. ‘सेंड इट टू हू?’ ‘बाय व्हेन?’ ‘चेक द… विच शीट?’ ग्रामरच्या पुस्तकात ‘टू हूम शुड आय सेंड इट’ असं येईल, पण चालत्या बोलण्यात हे छोटं रूप सगळे वापरतात आणि ते चुकीचं नाही. शेवटचंच निसटलं असेल तर ‘सॉरी, आय मिस्ड द लास्ट पार्ट.’ शब्द ऐकू आला पण अर्थ कळला नाही तर ‘व्हॉट डू यू मीन बाय अमुक?’, आणि त्या अमुकच्या जागी तो शब्द जसा ऐकू आला तसा म्हण, उच्चार चुकला तर चुकू दे. इथे एक सांभाळ, नुसतं ‘व्हॉट डू यू मीन?’ म्हणून थांबू नकोस, ते ‘तुम्हाला म्हणायचंय तरी काय?’ असं भांडणाच्या सुरात ऐकू येऊ शकतं, पुढे ‘बाय’ आणि शब्द आला की साधा प्रश्न होतो.

सगळंच डोक्यावरून गेलं असेल तर मात्र पहिली पद्धत आहेच. ‘सॉरी?’ हा एक शब्द पुरतो पण सूर वर गेला पाहिजे. आपण मराठीत सॉरी फक्त माफीसाठी वापरतो म्हणून आपला सूर खाली येतो, आणि मग समोरचा म्हणतो ‘नो प्रॉब्लेम’ आणि पुढे जातो, परत काही सांगतच नाही! हे मी खूप जणांचं होताना पाहिलंय. आरशासमोर उभी राहून दहा वेळा म्हणून बघ, शेवट वर. मोठं वाक्य हवं असेल तर ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ नुसतं ‘व्हॉट?’ टाळ, ओळखीतल्या माणसांत चालतं पण ऑफिसात तुटक वाटतं. ‘रिपीट प्लीज’सुद्धा हुकूम सोडल्यासारखं लागतं.

हा हुकमाचा मुद्दा जरा नीट सांगते, कारण इथे मराठीतून आलेल्यांची खरी गल्लत होते. मराठीत आपली अदब क्रियापदात आणि ‘तुम्ही’मध्ये असते, ‘परत सांगा ना’ म्हणलं की त्या ‘सांगा’ने आणि त्या इवल्याशा ‘ना’ने काम भागतं. हेच शब्दाला शब्द लावून ‘टेल मी अगेन’ केलं की आपलं ‘ना’ वाटेतच गळून पडतं आणि उरतो नुसता हुकूम. इंग्लिशमध्ये ‘तुम्ही’ आणि ‘तू’ एकच ‘यू’, म्हणून तिथली अदब ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘जस्ट’ असल्या शब्दांत राहते. ‘कुड यू जस्ट…’ हे तुझं ‘ना’ समज आणि दरवेळी बरोबर ने.

स्पीडचं सांगायचं तर ‘कुड यू स्लो डाउन अ लिटल?’ हे वाक्य शिक जरूर, पण त्यावर फार विसंबू नकोस. लोक दोन वाक्यं सावकाश बोलतात, तिसऱ्याला परत आपल्या चालीवर येतात, मुद्दाम नाही करत, चालच ती. नवीन माणूस असेल तर सुरुवातीलाच एकदा सांगून टाक, ‘आय’म स्टिल गेटिंग यूज्ड टू फास्ट इंग्लिश, सो आय माइट स्टॉप यू अ फ्यू टाइम्स.’ एकदाच बरं का. दर पाच मिनिटांनी ‘माय इंग्लिश इज बॅड, सॉरी’ अजिबात नको, त्याने समोरच्याला दरवेळी तुझी समजूत काढत बसावं लागतं आणि मुद्दा बाजूला पडतो.

आता तुझा तो लाडका ‘यस’. गोष्ट सांगणाऱ्याला आपण हुंकार देतो ना, ‘हं… हं… बरं…’, तसाच तू यस वापरतेस. मराठीतल्या ‘हं’चा अर्थ एवढाच की ऐकतेय, चालू दे. पण सूचना ऐकताना यस म्हणलं की त्याचा अर्थ ‘मान्य, करते’ असा घेतला जातो. हुंकाराला इंग्लिशमध्ये ‘राइट’, ‘आय सी’, ‘ओके’, नाहीतर तोंड मिटून नुसतं ‘म्-हं’ आहे. आणि ज्या क्षणी सुटलं त्या क्षणी हुंकार बंद कर. समोरचा तुझ्या हुंकारावर चालत असतो, तो थांबला की त्याचीही गाडी आपसूक हळू होते. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा चालू असेल तर मान डोलावणंही थांबव, तेही यसच आहे.

यसचे अजून दोन सापळे आहेत आणि ते मी स्वतः भोगलेत म्हणून कळकळीने सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका क्लायंटने फोनवर विचारलं, ‘डू यू माइंड इफ वी मूव्ह इट टू फ्रायडे?’ मला फ्रायडे चालणार होता, मी उत्साहाने म्हणलं, ‘यस, यस!’ पलीकडे क्षणभर शांतता. मग ‘ओह… ओके देन’, आणि फोन बंद. ‘डू यू माइंड’ म्हणजे ‘तुमची हरकत आहे का’, आणि मी दोनदा ठासून सांगितलं होतं की हो, हरकत आहे. मीटिंग आधीच्याच दिवशी झाली, त्या माणसाने बिचाऱ्याने आपलं दुसरं काम पुढे ढकललं आणि माझ्याशी महिनाभर जपून बोलत राहिला. मला कारण कळलं ते बऱ्याच नंतर. म्हणून ‘माइंड’ ऐकू आलं की यस-नोच्या वाटेलाच जाऊ नकोस, सरळ ‘नॉट ॲट ऑल, फ्रायडे इज फाइन’ म्हण, म्हणजे जे चालणार आहे ते शब्दात येऊ दे.

दुसरा सापळा नकारी प्रश्नाचा. ‘यू डिडन्ट गेट माय मेल?’ मेल मिळाला नाही. मराठीत आपण म्हणतो ‘हो, नाही मिळाला’, म्हणजे तुम्ही म्हणताय ते बरोबर. इंग्लिशमध्ये ‘नो, आय डिडन्ट’. तिथे यस-नो समोरच्याच्या बोलण्याला लागत नाही, खरं काय घडलं त्याला लागतं, मिळाला तर यस, नाही मिळाला तर नो, प्रश्न कसाही विचारलेला असो. तू नुसतं ‘यस’ म्हणून थांबलीस तर समोरचा समजणार मेल मिळाला. इथेही उपाय तोच, शेपूट जोडायचं, ‘नो, आय डिडन्ट’, ‘यस, आय डिड’. शेपटात खरी गोष्ट येते, पहिला यस-नो चुकला तरी निभावतं.

तुझं दुसरं दुखणं म्हणजे बोलताना शब्द आठवत नाही. हे का होतं ते कळलं की अर्धा धीर येतो. २००९ साली १० भाषांमधल्या गप्पा मोजून बघितल्या गेल्या तेव्हा असं दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सर्वसाधारणपणे २०० मिलीसेकंदांच्या आसपास वेळ जातो, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आणि चित्र बघून त्याचं नुसतं एका शब्दाचं नाव तोंडातून काढायलासुद्धा माणसाला ६०० मिलीसेकंदांच्या आसपास लागतात. हिशोब जुळत नाही ना? तो जुळतो कारण समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर जुळवायला लागलेलो असतो. मराठीत हे दोन्ही एकदम जमतं. इंग्लिशमध्ये तुझी सगळी ताकद ऐकण्यातच जाते, उत्तर जुळवायला काही उरत नाही, आणि तुझी पाळी आली की शांतता. ती शांतता तुला घाबरवते, आणि घाबरलं की होते नव्हते तेही शब्द पळतात.

म्हणून तिथे टाकायला तयार वाक्य हवं, जे जुळवावं लागत नाही, आपोआप बाहेर पडतं. मराठीत ‘म्हणजे कसंय बघ…’ म्हणतो तसं. ‘लेट मी थिंक.’ ‘लेट मी चेक दॅट.’ ‘हाऊ डू आय पुट धिस…’ तुझ्या कामात तर ‘लेट मी जस्ट ओपन द शीट’ हे सोनं आहे, शीट उघडेपर्यंत दहा सेकंद मिळतात आणि कोणालाही ते वावगं वाटत नाही. ‘वेल’ पण वापरतात, मात्र सुरुवातीला ओढून ‘वेल…’ म्हणलं की पुढे पण-परंतु येणार असं ऐकणाऱ्याला वाटतं, त्यामुळे सरळ होकार द्यायचा असेल तिथे वेल नको.

नेमका शब्दच हवा आणि तोच सापडत नाही, तर ‘ते हे गं’ची सोय तिथेही आहे. ‘व्हॉट्स द वर्ड…’ म्हणायचं आणि वस्तूचं काम सांगायचं, ‘द थिंग दॅट मेक्स होल्स इन पेपर.’ समोरचा लगेच म्हणेल ‘होल पंच?’ आणि तुला शब्द मिळाला, तोही अशा क्षणी की आता जन्मात विसरणार नाहीस. वहीतल्या दहांपेक्षा हा एक शब्द पक्का. ‘इट्स काइंड ऑफ लाइक…’, ‘इट्स द ऑपोझिट ऑफ…’ हेही असेच. आणि वाक्य सुरू करून मध्येच गुंतलीस, टोक सापडेना, तर ओढत बसू नकोस, ‘लेट मी स्टार्ट अगेन’ म्हण आणि छोट्या वाक्याने सुरू कर. असं केल्याचा कोणालाही राग येत नाही.

मध्ये बोलायचं असेल तेव्हा ‘सॉरी, कॅन आय जस्ट ॲड समथिंग?’ आणि विषय पुढे सरकायला लागला, तुझं विचारायचं राहिलं, तर ‘बिफोर वी मूव्ह ऑन, वन क्विक क्वेश्चन.’ क्वेश्चनच म्हण, ‘आय हॅव अ डाउट’ नको. आपल्याकडे डाउट म्हणजे शंका, विचारायची गोष्ट, पण बाहेरच्या इंग्लिशमध्ये डाउट म्हणजे खात्री नाही, भरवसा वाटत नाही, आणि टीम लीडच्या हिशोबावर तुझा भरवसा नाही असा निरोप जायला नको. तू बोलत असताना कोणी मध्ये घुसलं तर ‘जस्ट अ सेकंद, आय’म ऑलमोस्ट डन’, आवाज न चढवता.

बोलणं संपवणं सोपं आहे, ‘एनीवे…’ हे तिथलं ‘चला मग’. त्यानंतर ‘आय’ल लेट यू गो’ म्हणजे तुमचा वेळ घेत नाही आता. आपलं ‘येते’ तेवढं भाषांतरित करू नकोस, ‘आय विल कम’ म्हणलंस तर समोरचा विचारेल कधी.

पण एनीवेच्या आधी एक थांबा आहे आणि तुझ्यासाठी तो ह्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. कॉल संपत आला की तूच म्हण, ‘सो, जस्ट टू कन्फर्म…’ आणि काय करायचं, किती, कधीपर्यंत हे तीन तुकडे तुझ्या शब्दांत सांग. ‘सो, जस्ट टू कन्फर्म, आय’ल रीचेक थर्टीन एन्ट्रीज, वन-थ्री, अँड सेंड यू द शीट बाय वेन्सडे.’ चूक असेल तर तिथेच कळेल, आणि बरोबर असेल तर ‘एक्झॅक्टली’ ऐकू येईल, जे ऐकायला फार बरं वाटतं. मग कॉल ठेवल्यावर हेच दोन ओळींत मेलवर टाक, मेल तर तुझा हातखंडा आहे. शेजारच्या सहकाऱ्याला हळूच विचारायची गरजच उरत नाही.

हे सगळं एकदम पाठ करायला बसू नकोस, नाहीतर त्या दहा शब्दांचंच होईल. आठवड्याला तीन घे, जास्त नाही. अख्खं वाक्य एक शब्द असल्यासारखं म्हणायचं, ‘कुड-यू-से-दॅट-अगेन’, तुटक तुटक नाही. एक प्रयोग सांगते, मी बऱ्याच जणांकडून करून घेतलाय. त्याच सहकाऱ्याला हाताशी धर. तो इंग्लिशमध्ये एखादी सूचना देईल आणि मुद्दाम एक तुकडा तोंडातल्या तोंडात पुटपुटेल, ‘प्लीज सेंड द… म्म्म्म… बाय मंडे.’ तू तेवढाच तुकडा विचारायचा, ‘सेंड द व्हॉट?’ दुसऱ्यांदा तो ‘मंडे’ पुटपुटेल, तू म्हणशील ‘बाय व्हेन?’ पाच मिनिटं रोज, दोघंही हसाल, आणि आठ-दहा दिवसांत कान निसटलेली जागा पकडायला लागतो आणि प्रश्न विचार न करता बाहेर येतो. मग पाळी बदला. सोबत कोणी नसेल तर फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐक, विशेषतः त्या ‘सॉरी?’चा सूर.

ग्रामरच्या क्लासचं विचारलंस. आवडत असेल तर लाव, वाया काही जात नाही, पण आधी क्लास पूर्ण करते आणि मग तोंड उघडते असं ठरवू नकोस. युरोपात भाषेच्या पायऱ्या मोजायला ए-वनपासून सी-टूपर्यंतची जी सहा पायऱ्यांची मोजपट्टी २००१ साली आली, तिच्यात न कळलेल्या महत्त्वाच्या शब्दांबद्दल ठरावीक तयार वाक्यं वापरून विचारता येणं हे ए-टूला, म्हणजे खालून दुसऱ्या पायरीवर लिहिलंय. तुझे मेल बघता तू त्या पायरीच्या कधीच वर आहेस.

पुढच्या कॉलसाठी फक्त एक चिठ्ठी स्क्रीनच्या कडेला चिकटव, त्यावर तीनच ओळी: ‘सॉरी, वॉज दॅट… ऑर…?’, ‘लेट मी जस्ट ओपन द शीट’ आणि ‘सो, जस्ट टू कन्फर्म’. पहिल्या कॉलला तिसरी ओळ तरी नक्की म्हण. म्हणलीस की मला लिही, टीम लीडने काय उत्तर दिलं ते वाचायला मी थांबलेय.

तुझी ताई